ताईची, ताईचा, ताईंचा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी आजवर सगळ्या पत्रांत नुसता लिहीत आलो. मध्यंतरी आठही अंगं एकाच वेळी जमिनीला टेकण्याचा योग आला, त्यामुळे या खेपेला तो स्वानुभवाने लिहितो आहे. हकीकत पुढे येईलच.) इकडे आम्ही बरे आहोत. तुझी भावजय बरी आहे, तिची कंबर बरी आहे, दुकानही बरं चाललंय. तू कशी आहेस हे मात्र मी विचारणार नाही, कारण विचारलं की तू "मजेत" म्हणतेस, आणि पायाचा विषय काढला की "दूध उतू जातंय रे" म्हणून फोन ठेवून देतेस. (दिवसभर खुर्चीत बसलेल्या बाईचं दूध उतू जातं तरी कुठे?) म्हणून हे पत्र. पत्र ठेवून दिलं तरी बोलायचं थांबत नाही.

तुझ्या सूनबाईकडून मला सगळं कळतं. जिन्यावरून पडलीस त्याला किती दिवस झाले, हाड छान जुळलं, डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून "आता काठीसुद्धा नको" म्हणून सांगितलं, आणि तरी तू खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायला तयार नाहीस. उठलीस तर दोन बाजूंना दोन माणसं लागतात, आणि तेही न्हाणीघरापुरतं. बाकी सगळं "उद्या बघू". अगं ताई, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाला "उठा, पलंग काय विकत घेतलाय?" म्हणून चालायला लावणारी मेट्रन तू! तुझ्या चपलांचा आवाज आला की कण्हणारे पेशंटसुद्धा बरं झाल्याचं सोंग करायचे. त्या तुझ्याबद्दल हे ऐकलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. असो. (हे 'असो' मनापासून नाही.)

तर सांगायचं म्हणजे, मी हल्ली रोज सकाळी ताईची करतो. दचकू नकोस. तुझी नव्हे, आणि दुसऱ्याही कुणाच्या ताईची नव्हे. ताईची हे एका चिनी व्यायामाचं नाव आहे. मूळची ती म्हणे मारामारीची विद्या, पण इतक्या सावकाश करतात की शत्रूला मध्येच चहा पिऊन यायला वेळ मिळावा. आता मी आणि सावकाश हे ऐकून तू हसली असशील. 'भिंगरी' हे नाव मला तूच ठेवलंस, पण या घाईचं मूळही तूच आहेस बरं का. तू शाळेत निघायचीस ती ढांगा टाकत आणि माझं मनगट तुझ्या मुठीत. तुझं पाऊल पडेपर्यंत माझी धावाधाव. तेव्हा जो पळायला लागलो तो अजून थांबलेलो नाही. दुकानावर पाटीसुद्धा 'तातडीचे शिक्के, तातडीची छपाई' अशी आहे. गिऱ्हाइकाने नाव सांगून संपवायच्या आत माझा शिक्का तयार असतो. (काही शिक्क्यांवर नाव अर्धंच आलं, त्याला माझा इलाज नाही.)

या ताईचीत मी पडलो तो व्याकरणामुळे. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिच्या मालकीणबाई स्वतः बस-ट्रक चालवायला शिकवतात. अंगापिंडाने भक्कम, आणि आवाज असा की समोरच्याचा पाय आपोआप ब्रेकवर जावा. त्या एके दिवशी दुकानात आल्या आणि हस्तपत्रकाचा मजकूर देऊन गेल्या : 'ताईची वर्ग. शरीर आणि मन दोन्हींसाठी. रोज सकाळी, ड्रायव्हिंग स्कूलच्या माडीवर.' आता तूच सांग, वर्ग हा तो वर्ग. धडधडीत पुल्लिंगी. तो ताईची कसा असेल? म्हटलं, बिचाऱ्या बाईंचा जन्म गिअर बदलण्यात गेला, लिंग-वचन कुठून सांभाळणार? परोपकारबुद्धीने मी 'ची'चा 'चा' केला. मग वाटलं, परक्या बाईला एकेरीत ताई म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून डोक्यावर अनुस्वार दिला. 'ताईंचा वर्ग.' छापलं, गठ्ठे बांधले आणि वाटणाऱ्याच्या हवालीही केले, हे सगळं बाईंची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत.

पुढचे काही दिवस त्या माडीवर काय रीघ लागली म्हणून सांगू! कुणी मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला आलं, कुणी उसवलेला झगा घेऊन शिवणकाम शिकायला आलं. एक गृहस्थ तर खुर्ची ओढून बसले आणि ताई कोणत्या पक्षाकडून उभ्या आहेत, आपल्या इमारतीची सगळी मतं आपल्या खिशात आहेत, असं बराच वेळ सांगत राहिले. फक्त ज्यांना ताईची शिकायची होती ती माणसं तेवढी आली नाहीत, कारण कागदावर तो शब्दच नव्हता. शेवटी बाई दुकानात आल्या. मी शिव्या खायच्या तयारीने उभा. पण त्यांनी पत्रक काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की ताईची हे व्यायामाचं नाव आहे. मी म्हटलं, मग तसं लिहून द्यायचं. त्या म्हणाल्या, तसंच लिहून दिलं होतं. मी पुन्हा फुकटात छापून देतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, पत्रकं राहू देत, तुम्ही माझी माणसं कमी केलीत, आता तुम्हीच त्यात भर घाला, उद्या सकाळी सैल कपड्यांत या.

घरी सांगितलं की उद्यापासून मी ताईंच्या वर्गाला जाणार, तर तुझ्या भावजयीने हातातली कढई खाली ठेवली. म्हणाली, "जन्मभर ताईचीच री ओढलीत, आता तिचा वर्गही निघाला का?" मी खरं काय ते समजावायला गेलो, की अगं, वर्ग ताईंचा नाही, ताईचीचा आहे, तर प्रकरण आणखीच चिघळलं. तिने पोळीबरोबर नुसतं लोणचं वाढलं. (आता ती तुझ्यावर अजिबात रागावलेली नाही. हे तिनेच मागे उभं राहून लिहायला लावलं आहे.)

पहिल्या दिवशी मी गेलो तो मनातल्या मनात हसतच. माडी म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीला टेकवून ठेवलेले जुने टायर, समोर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि हवेत ग्रीसचा वास. बाई मध्ये उभ्या राहिल्या. गुडघे किंचित सैल सोडले, खांदे उतरवले आणि दोन्ही हात वर येऊ लागले. 'वर आणले' असं म्हणवत नाही ताई, ते आले. पाण्यात ठेवलेली परात तरंगत जावी तसा तो एवढा थोरला देह एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला आणि खालच्या फळ्यांनी हूं की चूं केलं नाही. (त्याच फळ्या माझ्या चपलेखाली कोंबडीसारख्या ओरडल्या होत्या.) खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, आणि त्या सगळ्या कलकलाटात ही बाई अशी वळत होती, जशी काही जगातली सगळी कामं आटोपली आहेत. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं मी पळतोय, पण हलणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.

बघणं निराळं आणि करणं निराळं, हे काही वेगळं सांगायला नको. बाई सगळं गाडीच्या भाषेत शिकवतात. वजन एका पायावर पूर्ण गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, म्हणजे "क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअर टाकू नका, खरखर होते". मध्येच थबकलं की "न्यूट्रलला घाबरू नका". मी उसासा टाकला की "हॉर्न नको". हालचालींची नावंही काय एकेक! करकोचा पंख पसरतो, घोड्याची आयाळ विंचरायची, ढगांसारखे हात, माकडाला मागे सारायचं. पहिल्या दिवशी मी हा सगळा प्राणिसंग्रह इतक्या झपाट्याने उरकला की मी शेवटच्या नमस्काराला पोचलो तेव्हा बाकीची मंडळी अजून करकोच्याचा पहिला पंख उघडत होती. मी शाबासकीच्या आशेने उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "ओव्हरटेक केलंत. परत मागे जा."

साष्टांगाची गोष्ट याच्या पुढची. बाईंनी एकदा मनगटाला मनगट लावून मला म्हटलं, ढकला मला, अगदी जोर लावून. मी म्हटलं, बाईमाणूस, कशाला? तर म्हणाल्या, माझी काळजी करू नका. मग मीही पेटलो. शिक्क्यांचं यंत्र रोज दाबून हे दंड कमावलेत, काही चेष्टा नाही. सगळी ताकद एकवटून मी ढकललं आणि ताई, काय सांगू, समोर बाईच नव्हत्या! म्हणजे होत्या, तिथेच होत्या, पण मी ढकलत होतो तिथे ढकलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या कमरेतून जराशा वळल्या, माझाच जोर मला परत मिळाला, आणि मी टायरांच्या रांगेपुढे आठ अंगांनी नमस्कार घातला. नाकाला रबराचा वास लागला. तशाच अवस्थेत मी "वा!" म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. उठून म्हटलं, पुन्हा करा. दुसऱ्या खेपेलाही टायर आणि मी समोरासमोर. तिसऱ्यांदा करायला लावणार होतो, पण बाकीची मंडळी रांग लावून उभी होती.

मग लागलं वेड. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरमागे उभा राहून हात वर घेऊ लागलो. एकदा असाच दाराकडे तोंड करून, नजर दूर लावून, दोन्ही हात हळूहळू वर नेत होतो. एक सभ्य गृहस्थ शिक्का करून घ्यायला आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा पांढरा पडला, आणि मागे वळूनही न बघता त्यांनीही दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, त्यांच्या पाठीमागे कुणी तरी पिस्तूल रोखून उभं आहे. मला वाटलं, हेही ताईचीवाले. मी हात खाली आणले, त्यांनी आणले नाहीत. मी प्रेमाने म्हटलं, "सावकाश, घाई नको," तर ते बिचारे "पाकीट डाव्या खिशात आहे" म्हणाले. त्यांना पाणी पाजून खरी गोष्ट सांगितली तेव्हा कुठे हात खाली आले. शिक्का न घेताच गेले.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. मला झोप लागायला लागली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि यंत्र बिघडलंय की काय म्हणून दुसरं आणवलं. तुझी भावजय परवा म्हणाली, घरी आल्यावर तुम्ही चपला पायातून काढता हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आजवर त्या उडत यायच्या. कधी कधी सकाळी त्या माडीवर सगळ्यांचे हात एकदम वर येतात, कुणी बोलत नाही, आणि मला उगीचच भरून येतं. का ते मला माहीत नाही. विचारायला गेलो तर बाई "हॉर्न नको" म्हणतील.

आता मूळ मुद्द्यावर येतो. (हो, इतका वेळ मी प्रस्तावना करत होतो. घाई सुटली की हा एक तोटा होतो.) आमच्या वर्गात एक आजी आहेत. त्या माझ्या पत्रकामुळेच आल्या, नातवाला गणित शिकवाल का म्हणून विचारायला. जिना चढून दम लागला म्हणून टेकल्या, समोर चाललेलं पाहिलं आणि राहिल्या. या आजी एकदा घरात पाय घसरून पडल्या होत्या. लागलं होतं ते कधीच बरं झालं, पण तेव्हापासून भिंतीवरचा हात सुटलेला नाही. घरात भिंत, रस्त्यात कुंपण. वर्गातसुद्धा खिडकीजवळची भिंत त्यांची ठरलेली. एक हात ढगासारखा आणि दुसरा भिंतीला चिकटलेला. आम्ही त्यांना भिंतीवाल्या आजी म्हणत असू. कुणी कितीही समजावलं तरी एकच उत्तर, "बघू उद्या." (हे शब्द मी आणखी कुठे ऐकलेत बरं?)

एके दिवशी बाईंनी माझ्याकडून एक पाटी करून घेतली : 'रंग ओला आहे. भिंतीला हात लावू नये.' मी विचारलं, रंग कधी लावणार? म्हणाल्या, लावणार नाही. मी म्हटलं, मग ही पाटी चुकीची आहे. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने जशीच्या तशी छापली. 'ची'चा 'चा'सुद्धा केला नाही. दुसऱ्या दिवशी आजी जिन्याचा कठडा धरत वर आल्या, सवयीने भिंतीकडे हात नेला, पाटी वाचली, आणि साडीला रंग लागेल म्हणून पटकन हात मागे घेतला. वर्ग सुरू झाला. बाई रोज पुढे उभ्या राहतात, त्या दिवशी आजींच्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात तयार ठेवून, पण न लावता. आजींचे पाय सुरुवातीला चांगलेच लटपटले. मग वजनाने डावा पाय भरला, उजवा रिकामा झाला. मग उजवा भरला. एक हात वर आला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि ताई, आजींचे दोन्ही हात हवेत होते. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. देवळात कधी हात जोडले नसतील इतक्या भक्तीने मी त्या दोन हातांकडे पाहत होतो. वर्ग संपल्यावर आजींनी जाता जाता बोटाने भिंत चाचपली. कोरडी ठणठणीत. बोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "मेली लबाड!" म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या इतक्या हसल्या की आता तोल जातो की काय असं वाटलं. गेला नाही. जिना उतरताना मात्र त्यांनी कठडा धरला, आणि बाईंनी त्याला काही हरकत घेतली नाही.

त्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. शिक्क्यांच्या पेटीपुढे बसून तुझाच विचार करत होतो. तुला मी समजावणार तरी काय? लोकांना समजावून उठवण्यात तुझी हयात गेली. ते सगळे शब्द तुझेच आहेत, ते तुला लागू पडणार नाहीत. भीती वाटते ना ताई? वाटू दे. मलाही तुझी भीती वाटते, म्हणून का मी तुला पत्र लिहायचं थांबवलं?

चिरंजीवांना आणि सूनबाईला आशीर्वाद. उत्तर लिहू नकोस, ते बसून लिहावं लागतं.

तुझाच,
भिंगरी

ता. क. : वर्गात करकोचा, घोडा आणि माकडाशिवाय एक सोनेरी कोंबडाही आहे. त्यात एका पायावर उभं राहायचं असतं, आणि तो मला उत्तम जमतो, असं मी या पत्रात लिहिणार होतो. तुझी भावजय म्हणते, लिहिलं तर ती फ्रिजला धरून उभा असलेला माझा फोटो पाठवेल. म्हणून लिहिलं नाही.

दुसरा ता. क. : ताईला मी स्वतःच शिकवू का, असं बाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, शिकाऊ लायसनवाल्याने शेजारी पक्का ड्रायव्हर असल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. मला ते पटलं. त्यामुळे तुझ्या खिडकीतून खाली पाहिलंस तर 'एल'ची पाटी लावलेली एक पांढरी गाडी उभी दिसेल. आत बसल्या आहेत त्या बाई. मी सांगितल्याशिवाय वर येणार नाहीत.

तिसरा आणि खरा ता. क. : पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्यासारख्या बाईच्या नजरेतून सुटलं नसेलच. मी पत्र दाराखालून सरकवलंय आणि बाहेर उभा आहे. बेल वाजवणार नाही. दार उघडायचं नाही, अशी सूनबाईला सक्त ताकीद दिली आहे. ती तुझ्या अगदी जवळून चालेल, तोल गेलाच तर धरेल, पण कडी तूच काढायचीस. सावकाश ये. दमलीस तर मध्ये थांब. मला काही घाई नाही.